तरंगत्या पुलावरचं वऱ्हाड

माझा मामा कृष्णात कांबळे फौजेत पुलांच्या पलटणीत होता. नोकरीभर त्यानं जगाला नदीपार केलं आणि घरच्या एकाही कार्याला तो वेळेवर पोचला नाही. स्वतःच्या लग्नाला तेवढा पोचला, तेही पाहुणे कंटाळून पानं मांडायला लागल्यावर, गाडीतून उतरला तसा, खाकी पँटवर. "ह्यातला नवरा कोण, हेच मला कळंना," असं मीनामामी अजून सांगते, आणि ती काही तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही.

गडमुडशिंगीत आमचं घर विहाराच्या मागं. नाव कृष्णात आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला वाटत नाही. माझी आई मामाची धाकटी बहीण. वडील मला आठवतही नाहीत. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि मामा पंजाबात कुठल्याशा कालव्यावर होता. तार मिळून, सुट्टी मंजूर होऊन, गाड्या बदलत तो आला तोवर सगळं उरकलं होतं. तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. मी तोंड फिरवलं. "श्रुते, मामीजवळ ऱ्हा. मी येत जाईन," एवढंच म्हणाला आणि सुट्टी संपल्यावर परत गेला. त्या दोघांना मूल नव्हतं. माझ्या रूपानं चार पोरांचा ताप एकदमच त्यांच्या पदरात पडला.

मामा येत गेला, पण नेहमी उशिरा. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला नाही, आजीच्या आजारपणाला नाही, मामीचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा फोन यायचा. दुकानदार हाक मारायचा, मामी पदर खोचून पळत जायची आणि परत येऊन सांगायची, "वाट बघू नका म्हणालेत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा मला राग यायला लागला. अरे, माणूस आहे तर वाट बघणारच की!

त्याचं काम काय होतं ते मला पुढं कळलं. फौजेची वाट नदीनं अडवली की पोकळ लोखंडी होड्या पाण्यात सोडून एकीला एक जोडायच्या आणि त्यावरून रस्ता न्यायचा. या होड्यांना पाँटून म्हणतात. रणगाडे जातात त्यावरून. पूल टाकायला म्हणे फार वेळ लागत नाही. खरं काम त्यानंतरचं. पाणी चढलं की दोर सैल सोडायचे, उतरलं की ओढून घ्यायचे. प्रत्येक पाँटूनच्या पोटात पाणी शिरलंय का ते बोटानं वाजवून बघायचं, शिरलं असेल तर पंपानं उपसायचं. जोडाच्या खिळी ग्रीसमध्ये ठेवायच्या. गाडी माणसाच्या चालीनं न्यायची आणि मध्येच ब्रेक मारायचा नाही. जवानांची तुकडी पुलावर आली की तालात टाकलेली पावलं मोडायची, कारण सगळ्यांचा पाय एकदम पडला तर पूल झोके घ्यायला लागतो. "पूल टाकणं म्हंजे लगीन लावणं," मामा सांगायचा. "आन् सांभाळणं म्हंजे संसार." त्यावर मामीचं उत्तर ठरलेलं असायचं, "मग संसार तिकडंच केलासा म्हणा की."

कारगिलच्या वर्षी तो हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला आणि आमच्या घराचाच पूल करून टाकला. दाराच्या बिजागऱ्यांना ग्रीस, मामीच्या शिलाई मशीनला ग्रीस, माझ्या सायकलला तर इतकं की माझे सगळे पंजाबी ड्रेस काळे झाले. पाण्याचं पिंप असो की दुधाची किटली, हा बोटानं टकटक करून आवाज ऐकणार आणि मान डोलावणार. मामी वैतागायची. मी मात्र मनातून सुखावले होते. घरात माणूस दिसत होता.

मी शिकून उचगावच्या शाळेत शिक्षिका झाले. दोन हजार पाच साली माझं लग्न ठरलं, नदीपलीकडच्या कुरणवाडीतल्या सार्थकशी. तो गोव्याला औषधांच्या कारखान्यात होता. लग्न ठरलं त्या दिवशी मामानं सफारीचं कापड आणलं आणि मला म्हणाला, "ह्या टायमाला मी तुझ्या बाजूला उभा असणार. काय वाट्टंल ते होऊ दे." मामी आतून म्हणाली, "बघू की." मी ते वाक्य मनात गाठ मारून ठेवलं. मांडव कसा, दागिने किती, याची मला काडीची पर्वा नव्हती. मला लग्नात मामा पाहिजे होता, दुसऱ्या दिवशीचा नव्हे, त्याच वेळचा.

आणि त्या पावसाळ्यात महापूर आला. निम्मं कोल्हापूर पाण्यात गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं लग्न पुढं ढकललं. पाणी ओसरल्यावर कळलं की कुरणवाडीच्या दगडी पुलाचा मधला भागच वाहून गेलाय. वाडीचं दूध, दवाखाना, बाजार, सगळं तुटलं. मग फौजेनं तिथं तरंगता पूल टाकला.

त्या दिवशी मामाचं तोंड बघायला हवं होतं. सकाळी चहा प्यायला तो पुलावर, भाकरी खायला पुलावर. पुलाचा प्रमुख एक सुभेदार होता, पंजाबचा, सरळ माणूस. त्याची पोरं कामात पक्की होती, पण आपली पब्लिक त्यांना आवरेना. कोण म्हशी घेऊन पळतंय, कोण मधोमध सायकल लावून मासे बघतंय. सुभेदारांनी मामाच्या हातात भोंगा दिला आणि म्हणाले, "कांबळेजी, इनको आप ही समझाइए." झालं! मामा रोज काठावर उभा राहून गर्जायला लागला. "ओ पावणं, म्हस आवरा! ती तुमच्यापेक्षा शिस्तीत चाललीया!"

सार्थकची रजा संपत आली होती म्हणून लग्नाची नवी तारीख लगेचची धरली. मांडव कुरणवाडीत. आमचं वऱ्हाड टेंपोतून पुलापर्यंत जाणार आणि पूल चालत ओलांडणार असं ठरलं. त्याच सकाळी निरोप आला की राधानगरीला जोराचा पाऊस आहे, धरणाचे दरवाजे उघडलेत. पाणी दुपारनंतर इथं चढणार होतं. सुभेदार म्हणाले, दुपारच्या आत वऱ्हाड पार करा, मग पूल सोडवावा लागेल. सोडवायचा म्हणजे मधला जोड काढायचा आणि दोन्ही अर्धे आपापल्या काठाला लावून ठेवायचे, नाहीतर वरून वाहत येणारी झाडं त्याला घेऊन जातात.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा मामा सफारीत भोंगा घेऊन उभा होता. मी पांढऱ्या साडीत, हातभर बांगड्या. "मामा, माझ्याबरोबर चला," मी म्हटलं.

"पुलाचा माणूस शेवटाला जातो, बाळा."

"आज तुम्ही पुलाचे न्हाई, माझे मामा हायसा."

"आगं येतो की! तुमच्या मागं लगीच हाय मी." आणि भोंगा तोंडाला लावला. "ऐका! वाजवायचं न्हाय, नाचायचं न्हाय, थांबायचं न्हाय! अंतर ठिवून चालायचं!"

आमच्या माणसांनी ऐकलं, शहाण्यासारखी चालली. पण नवऱ्याकडची मंडळी पलीकडच्या काठावर होती. नवरीला पुढं येऊन वाजतगाजत न्यायची, अशी कुरणवाडीची हौस. हातगाडीवर बेंजो, बॅटरी, माइक, दोन मोठे स्पीकर, आणि मागं अख्खी तरणी वाडी. त्या टोकाला एक मद्रासकडचा जवान उभा होता. तो "बंद करो, रुको" म्हणत हात आडवे करत होता. वाडीकरांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला, त्याच्या कपाळाला गुलाल लावला आणि ती सगळी वरात पुलावर घुसली. सगळ्यांत पुढं माझे सासरे बाळासो, फेटा उडवत, आणि त्यांच्या मागं सार्थक.

पुलाच्या मध्यावर आमची गाठ पडली. आता सांगा, समोर बेंजो वाजतोय, व्याही नाचतोय, आणि आमच्याकडची पोरं हात बांधून उभी राहतील का? कोल्हापूरकराला मयताला गप्प बसवता येईल, बेंजोला नाही. दोन्ही वऱ्हाडं एकमेकांत मिसळली. नवरी बघायला सगळे माझ्या बाजूला लोटले. पाय एका तालात पडायला लागले आणि पुलानं पहिला झोका घेतला.

लोकांना मजा वाटली! "आरं, पाळणा हालतोय!" असं ओरडून पोरं अजून जोरात उडायला लागली. मला मात्र पुढं काय होणार ते ठाऊक होतं. मामाकडून हीच गोष्ट ऐकत मी मोठी झाले होते. माझ्या पायाखालच्या पाँटूनची कड खाली जात होती, वर येत होती, पुन्हा आणखी खाली जात होती, आणि एकदा ती पाण्याखाली गेली. गढूळ पाणी सळसळत पाँटूनच्या पोटात शिरलं. मी ओरडले. सार्थकचा हात धरून ओरडले. पण बेंजोपुढं नवरीचं कोण ऐकतं? तशी इतर वेळीही कोण ऐकत नाही म्हणा.

मामानं काठावरून हे पाहिलं असणार. नंतर त्यानं मला सांगितलं की "थांबा" म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, आणि "पळा" म्हटलं असतं तर ऐकलं असतं, ते जास्त वाईट. पळणारी गर्दी एका कडेला कलते आणि पूल उलटा होतो. सुभेदार शिट्टी फुंकत होते, ती बेंजोच्या तालातच मिसळून गेली. मग भोंग्यातून मामाचा आवाज आला. खालचा, लांब, विहारात येतो तसा.

"नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स..."

पहिल्यांदा आमच्या मागच्या बायकांचे हात जुळले. मग पोरांचे. आमच्यात ही वंदना सुरू झाली की कुणाला गप्प बस म्हणावं लागत नाही. पाळण्यातल्या पोरापासून आम्हाला ती सवय आहे. बेंजोवाला पण आपलाच. त्याचं बोट सुरावरून आपोआप उचललं गेलं. बाळासोंनी फेटा सावरला आणि हात जोडले. मामानं दुसऱ्यांदा तीच ओळ म्हटली आणि मग त्याच आवाजात, जराही न चढवता सांगितलं, "जिथं हाय तिथंच खाली बसा."

सगळे बसले. विहारात आम्ही वंदना बसूनच म्हणतो, त्यामुळं त्यात कुणाला वेगळं काही वाटलं नाही. पूल अजून हलत होता, पण त्याचा झोका लहान होत गेला. मामा म्हणत म्हणत पुलावर चालत आला, पाय जपून टाकत. "बुद्धं सरणं गच्छामि," भोंगा म्हणायचा, आणि अख्खं वऱ्हाड पाण्याच्या मधोमध बसून मागं म्हणायचं. म्हणता म्हणता त्यानं हातानंच खुणा केल्या. तुम्ही दोघं इकडं सरका. तुम्ही मधी या. पंचशील संपेपर्यंत पूल शांत झाला होता. मग त्यानं एकेक रांग उठवली आणि पलीकडे पाठवली. घाई नाही, ओरडा नाही. बेंजोची गाडी सगळ्यांत शेवटी, जवानांनी ढकलली.

काठाला पाय लागले. सार्थक चिखलातच बसला. मामीनं मला कुशीत घेतलं आणि आम्ही दोघी रडलो, हसलो, पुन्हा रडलो. जिवावरचं टळलं होतं! बाळासो एकेकाच्या डोक्याला हात लावत फिरत होते, सगळे आहेत ना म्हणून. सगळे होते.

मामा तेवढा नव्हता.

बघते तर तो पुलावरून परत फिरलेला. मधल्या पाँटूनमध्ये पाणी भरलं होतं, जवान पंप मारत होते, आणि हा सफारीच्या बाह्या सारून त्यांच्यात. तिकडं नदी चढायला लागली. वरून मुळासकट उपटलेलं एक झाड फिरत फिरत येताना दिसलं. सुभेदारांनी हात वर केला, खिळी निघाल्या, आणि पूल मधून उघडला. आमच्याकडचा अर्धा कुरणवाडीच्या काठाला लागला, मामा आणि जवान होते तो पलीकडच्या. मामा पलीकडे राहिला.

मग भोंगा बोलला. "श्रुते! लावून घ्या लगीन! माझी वाट बघू नका!"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी बेंजोच्या हातगाडीवरचा माइक उचलला आणि बेंजोवाल्याला म्हटलं, "चालू कर." हळद लागलेली नवरी माइकवर ओरडतेय, हे कुरणवाडीनं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही. "मामा! वाट बघू नका म्हणायचं न्हाई! जन्मभर त्येच ऐकलंय! तुम्ही आल्याबगार मी उभी ऱ्हाणार न्हाई, मग उद्या येवा न्हाईतर परवा येवा!"

पलीकडून भोंगा हळू बोलला, "आगं, पर व्याही काय म्हणतील?"

सगळ्यांनी बाळासोंकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे गरजणार. पाहुणे जमलेत, जेवण तयार आहे, पोराची रजा संपत आलीय. बाळासोंनी माझ्या हातातून माइक घेतला, फुंकून बघितला. "पावणं! मी व्याही बोलतोय! आमच्यात मुहूर्त कुठाय? भटजी पळून चाललाय का? तुमी या निवांत! जेवाण आज हाणतो, लगीन उद्या लावतो!" आणि मग माइक न सोडता, आवाज एकदम बारीक करून म्हणाले, "मगाशी मी लई नाचलो हो. चुकलं माझं."

त्या दिवशी कुरणवाडीत लग्नाआधीच लग्नाचं जेवण झालं. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी. मुक्काम पडला तसे आमचे लोक घराघरात पांगले. मी आणि मामी एका अंथरुणावर निजलो. मला वाटलं होतं मामी चिडली असेल, तर ती गालातल्या गालात हसत होती. "एवढ्या वर्षांत त्यास्नी असं कुणी बोललं न्हवतं," ती म्हणाली. "मला सुचायला पायजे होतं." लगेच झोपली. मला झोप लागायला वेळ लागला, पण काळजीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. जवानांनी दोन्ही अर्धे ओढून जोड बसवला, दोर ताणले, सुभेदार स्वतः चालून गेले आणि आले. मग त्यांनी मामाला हात केला. "पहले आप, कांबळेजी." मामा कधी नव्हे तो मोकळ्या पुलावरून एकटा चालत आला. सफारी चिखलानं आणि ग्रीसनं माखलेली, दाढी वाढलेली. काठावर अख्खी वाडी उभी होती. बेंजोवाल्यानं हात पाठीमागं बांधून घेतले होते.

मामी पुढं झाली. "आलासा?"

"आलो की."

"जेवलासा का?"

"लष्करात जेवलो."

"मग बसा. पाणी आणतो." ती वळली आणि मला दिसलं की तिनं डोळ्याला पदर लावलाय.

लग्न लागलं तेव्हा मामा माझ्या बाजूला उभा होता, सासऱ्यांच्या ढगळ सदऱ्यात. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता. वंदना म्हणताना त्याचा आवाज बसलेला होता, नुसते ओठ हलत होते. मी किती सुखात होते ते कसं सांगू? नवऱ्याकडं बघायच्या वेळी मी मामाकडंच बघत होते, हे सार्थक अजून बोलून दाखवतो.

संध्याकाळी माहेरची माणसं निघाली. नवरीला निरोप द्यायचा असतो, इथं मीच सगळ्यांना निरोप देत काठावर उभी होते. मामा पुन्हा पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि माणसं सोडायला लागला. अंतर ठेवा, थांबू नका. सगळे गेले. मामी हलेना.

"तू हो म्होरं," मामा म्हणाला. "मी शेवटाला येतो."

"मला ठावं हाय तुमचं शेवटाला," मामी म्हणाली. "आता मीबी शेवटाला."

मामानं सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदारांनी नदीकडं पाहिलं. मग ती दोघं निघाली. मामा पुढं, मामी मागं, असं थोडं चालली आणि मग मामा थांबून बाजूला सरला, मामी त्याच्या बरोबरीनं आली. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या पुलावरून त्याच्यासोबत चालायची तिची ती पहिली वेळ होती. अंधारून येत होतं. पाठमोरी ती दोघं लहान लहान होत गेली आणि पलीकडच्या झाडीत मला दिसेनाशी झाली. मी तशीच उभी. सार्थक म्हणाला, "चल आता." मला पाय उचलवेना.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. भोंगा नव्हता. मीनामामीला भोंगा लागत नाही.

"श्रुतेऽऽ! पोचलो गं आमी दोघंबी! आता जा तू तुझ्या घरात!"

मी घरात गेले.